तीन बोटं

बैलाची जीभ धरायची असेल तर समोरून जायचं नाही. बाजूने जायचं, त्याच्या मानेला खांदा लावून उभं राहायचं आणि हात ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवायचा. तिथे पुढचे दात संपलेले असतात आणि दाढा अजून सुरू झालेल्या नसतात. चार बोटं जातील एवढी ती मोकळी जागा निसर्गाने आमच्या खात्यासाठीच ठेवली असावी. जीभ हाताला लागली की मूठ आवळायची आणि ती एका बाजूने बाहेर ओढून घ्यायची. मग बैल चावत नाही, कारण चावला तर आधी त्याचीच जीभ दाढेखाली येणार, हे त्याला बरोबर कळतं. तीनशे किलोचं जनावर एका मुठीत गुमान उभं राहतं.

मी मुखरू रामटेके. धानोऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे, नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली. डॉक्टर येतात, दोन वर्षं 'बदली, बदली' करतात आणि जातात. मी तिथेच असतो. खुरकुताची साथ आली की दिवसाला चाळीस-चाळीस तोंडं उघडली आहेत मी, आणि पंचक्रोशीत माझ्याइतक्या जिभा कोणी हाताळल्या असतील असं मला वाटत नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

दरवर्षी आश्रमशाळेवाले मला पोरांशी बोलायला बोलवायचे. मी नेमाने जिभांवर बोलायचो. गाईला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून जीभ हाच तिचा हात. ती गवताला वेढा घालते आणि ओढून घेते. वाघाच्या जिभेवरचे काटे इतके कडक की हाडावरचं मांस नुसतं चाटून निघतं. घोरपड जीभ बाहेर काढते ती वास आत न्यायला, आणि कुत्रा काढतो तो अंगातली ऊब बाहेर टाकायला. सुतार पक्ष्याची जीभ कवटीला मागून वळसा घालून पुढे येते. खवल्या मांजराच्या जिभेचं मूळ तर पार बरगड्यांपाशी असतं. आपल्याकडच्या जंगलात हत्ती आले तेव्हापासून मी हेही सांगू लागलो, की सोंड आणि जीभ एकाच घडणीच्या, आत हाड नाही, नुसते स्नायू. पोरं मला बेडूक करायला लावायची. मी भिंतीवरची खोटी माशी टिपून दाखवायचो आणि वर्ग डोक्यावर घेतला जायचा. माणसाच्या जिभेपर्यंत येईतो घंटा व्हायची. ती दरवर्षी राहूनच जायची.

यंदा शाळेचा फोन आला तेव्हा मी कामाचं निमित्त सांगितलं. बेडूक करायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड दीड बोट उघडतं.

हे एका दिवसात झालं नाही. तीस वर्षं मी खर्रा खाल्ला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटायचा, रबर लावून पुडी खिशात टाकायची आणि कामाला लागायचं, असं आमच्याकडे निम्मं गाव जगतं. माझा पानठेला ठरलेला होता, बिरजूचा. तो घोटता घोटता गावाची खबर द्यायचा आणि मी त्याला जनावरांची. आधी तिखट झोंबायला लागलं, तेव्हा आम्ही दोघांनी मिरचीला शिव्या दिल्या. मग शीळ वाजेना. मग आख्खा समोसा तोंडात जाईना, म्हणून मी समोशाचे तुकडे करू लागलो आणि सुधारलो असं लोकांना वाटलं. गालाची आतली कातडी दोरीसारखी ताठ होत गेली. तोंड बंद होत चाललंय हे मला कळत होतं, पण दार सावकाश लागत असलं की आतला माणूस उठत नाही.

तेंदूपत्त्याच्या हंगामात, मे महिन्यात, जिभेच्या डाव्या कडेला एक जखम झाली. दाढ घासली असेल, म्हटलं. आता खरी अक्कल पाहा माझी. खुरकुतात बैलाच्या जिभेची अख्खी साल निघते, आणि बोरोग्लिसरीन लावलं की पंधरा दिवसांत नवी कातडी येऊन तो धानाचं तणस ओढायला लागतो. हजारदा पाहिलंय. जिभेइतकं लवकर भरणारं मांस अंगात दुसरं नाही, हे मीच पोरांना सांगायचो. मग मी दवाखान्यातली तीच बाटली घेतली. बैल तीनशे किलोचा, मी साठचा, म्हणून पाचवा हिस्सा, असा हिशेबसुद्धा केला. सकाळ-संध्याकाळ कापसाच्या बोळ्याने लावत राहिलो. पंधरा दिवस झाले, महिना झाला, पावसाळा लागला. जखम भरली नाही. तिच्या कडा वर आल्या आणि बोटाला टणक लागू लागल्या. बैल खर्रा खात नाही, एवढी साधी गोष्ट अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीने माझ्या ध्यानात आली नव्हती.

जुलैत तहसील कचेरीत कर्मचाऱ्यांच्या तोंडाची तपासणी ठेवली होती. मी त्या दिवशी मुद्दाम लसीकरणाला लांबच्या गावी गेलो. परत आलेल्यांनी सांगितलं, काही नाही, तीन बोटं उभी, एकावर एक धरून तोंडात घालायला लावतात. गेली तर पास. घरी आल्यावर मी न्हाणीघराची कडी लावली आणि आरशासमोर बोटं घातली. दोन गेली नाहीत. एक गेलं, आणि दुसऱ्याचं पेर दातांवर अडलं. मला भीती वाटली, आणि ती मी कोणालाही सांगितली नाही.

सांगायचं नाही, याला कारण बिरजू. दोन वर्षांपूर्वी त्याला नागपूरला नेलं. जिभेचा मोठा तुकडा आणि खालच्या जबड्याचं हाड काढलं. परत आला तेव्हा गावाची खबर देणारा माणूस नळीने पेज पीत होता आणि बोलला की त्याच्या बायकोला मधे उभं राहून अर्थ सांगावा लागायचा. मी एकदा गेलो. तो माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाला, मला कळलं नाही, मी 'हो, हो' म्हणालो, आणि तो रडला. त्यानंतर मी त्या गल्लीतून जाणंच सोडलं. त्याचा ठेला बंद झाला, आणि आठवड्याभरात शेजारीच दुसरा उघडला. मी तिथून पुडी घेऊ लागलो.

तर लपवायचं ठरलं. पण खाणं कसं लपवणार? नेमका वर्षावास लागला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि ज्यांना झेपतं ते अष्टशील पाळतात. त्यात दुपारी बारानंतर जेवायचं नसतं. मी जाहीर केलं की यंदा तीन महिने मी अष्टशील पाळणार. झालं. संध्याकाळच्या पंगती सुटल्या, पाहुण्यांकडचं जेवण सुटलं. अकरा वाजता दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाठमोरा बसून मऊ भात आणि वरण गिळायचो. पंधरा वर्षं विहारात वाचन मीच करायचो. यंदा ते विहार समितीचा अध्यक्ष कुलदीप याला दिलं आणि सांगितलं, मी मौनाचा अभ्यास करतोय. कुलदीप शाळामास्तर आहे, चाळिशीचा. गालात खर्रा ठेवून ग्रंथ वाचतो आणि निम्मे शब्द गालातच राहतात. पाचव्या शिलात दारू येते, खर्रा येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. ते मत त्याला मीच दिलेलं होतं.

माझी अपेक्षा होती की लोक दुर्लक्ष करतील. उलट माझा मान वाढला. मुखरूभाऊ बदलले, कमी बोलतात, तिखट सोडलं, रागावत नाहीत, असं घरोघरी बोललं जाऊ लागलं. बाया आपल्या नवऱ्यांना माझं उदाहरण देऊ लागल्या. रोज सकाळी मी पंचशील म्हणायचो, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं, आणि ते म्हणतानाच जखम दाढेला घासायची. आश्विन पौर्णिमेला खीरदानाच्या वेळी माझा सत्कार करायचा आणि समारोपाचं पान माझ्याकडून वाचून घ्यायचं, असं समितीने ठरवून टाकलं. मला कोणी विचारलंही नाही. स्वतःच बांधलेल्या दाव्यात मी मानेपर्यंत अडकलो होतो.

घरात आम्ही दोघंच. बायको अंगणवाडीत मदतनीस आहे. सगळं गाव तिला आशाबाई म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणतो. ती काही बोलत नव्हती. भात रोज थोडा अधिक मऊ होत होता, वरण थोडं अधिक पातळ. मी समजलो, माझ्या अष्टशिलाचं तिला कौतुक आहे.

पौर्णिमेच्या दहा दिवस आधी कोसमटोल्याहून निरोप आला, सुकलूचा बैल खात नाही. सुकलू म्हणजे साठीचा गोंड शेतकरी, दोन एकर धान आणि एकच चांगला बैल, कबऱ्या. आमच्या नूतन मॅडम माझ्या गाडीवर मागे बसून आल्या. या डॉक्टर नवीन, ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, पण चिखलात उतरायला मागेपुढे पाहत नाहीत.

कबऱ्या गोठ्यात उभा होता. समोर ताजं हिरवं गवत टाकलेलं, आणि तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. तो मान खाली घालायचा, गवताला ओठ लावायचा, आणि तसाच उभा राहायचा. बरगड्या मोजता येत होत्या. मी कोपऱ्यातून हात घातला आणि जीभ धरली. ती वळेना. लाकडाच्या फळीसारखी ताठ, सुजलेली, दातांच्या मधे अडकलेली. मॅडमनी बोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या की ही लाकडी जीभ. कडक तणसाचं टोक रुतून जखम होते, तिच्यातून जंतू शिरतात आणि जीभ आतून दगड होत जाते. लवकर कळली तर आयोडीनच्या औषधाने आणि इंजेक्शनांनी सुटते. उशीर झाला तर जनावर भरल्या गव्हाणीसमोर उपाशी मरतं.

किती दिवस झाले, मी सुकलूला विचारलं. पंधरा, तो म्हणाला. का सांगितलं नाहीस? तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुमी म्हणान का हा आता गेला. ते आयकाची हिंमत नोती झाली, दादा."

मला काय झालं कोण जाणे. मौन, अष्टशील, सगळं बाजूला राहिलं आणि इतक्या महिन्यांचं तुंबलेलं बाहेर आलं.

"पंधरा दिवस लाळ गळून राह्यली अन् तू पाहून राह्यला? पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं तं चार सुयांचं काम होतं. लपवून जीभ बरी होत नाई, सुकलूभाऊ. लपवून ते अखीन कडक होते. तुह्या भेवापायी हे मुकं जनावर काऊन मरन?"

एवढं बोलताना जखम उसवली. तोंड भरून आलं म्हणून मी गोठ्याबाहेर जाऊन थुंकलो. मॅडम मागेच होत्या. मातीवर लाल पडलं होतं.

त्यांनी विचारलं, खर्रा खाल्लात का? मी म्हटलं, हो. त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. तिथे पुडी होती, लोकांना दिसावी म्हणून ठेवलेली. खर्रा तर महिन्यापासून सोसतच नव्हता.

"त्या पुडीचं रबर सोमवारपासून सुटलेलं नाही, मुखरूभाऊ," त्या म्हणाल्या. "सुकलूभाऊंना आत्ता जे बोललात, ते मला परत बोलून दाखवा."

मी चिडलो. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात, असं त्यांना सुनावलं. त्या शांतपणे म्हणाल्या की म्हणूनच त्या मला माणसांच्या डॉक्टरकडे जा म्हणतायत. परतीच्या चौदा किलोमीटरमध्ये आणि नंतरही त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

पुढे रोज कबऱ्याला औषध द्यायला मीच जायचो. जीभ बाजूला ओढायची, बांबूच्या नळकांड्याने औषध सोडायचं, गळा चोळायचा. तिसऱ्या दिवशी लाळ कमी झाली. पाचव्या दिवशी जिभेचं टोक हललं. नवव्या दिवशी मी तळहातावर जाडं मीठ घेऊन त्याच्यापुढे धरलं. त्याने वास घेतला, थांबला, आणि जीभ बाहेर काढून माझा हात मनगटापासून बोटांपर्यंत चाटला. खरखरीत, ओली, गरम जीभ. पुन्हा चाटला. सुकलू मटकन खाली बसला आणि हसू लागला. मी हसलो नाही. मला त्या बैलाचा हेवा वाटला. त्याच्यासाठी कोणीतरी निरोप धाडला होता.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आदल्या दिवशी, कोसमटोल्याहून घरी आलो तेव्हा ऊन उतरत होतं. आशाबाई अजून अंगणवाडीतून आली नव्हती. मिठाचे हात धुतले आणि औषधाची डबी ठेवायला फळीवर जागा करू लागलो, तर तिखटाचा डबा हाताला लागला. उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून मिरच्या कुटून भरला होता तो. एरवी दिवाळीपर्यंत अर्धा होतो. तो काठोकाठ भरलेला होता. वरच्या थरावर तिने मे महिन्यात दाबून ठेवलेलं बोटाचं निशाण तसंच होतं.

म्हणजे तिनेही खाल्लं नव्हतं. आशाबाई, जी ठेच्याशिवाय घास उचलत नाही.

ती दारात उभी होती. माझ्या हातातला डबा तिने पाहिला. मी विचारलं, कधीपासून? तिने पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, तेंदूपासून. झोपेत तोंडातून रक्त यायचं, उशीचा अभ्रा तीच रोज धुवायची. मग पेज कशी करायची ते बिरजूच्या बायकोकडे जाऊन शिकून आली. मी दवाखान्यात पाठमोरा बसून खातो तो भात मी न सांगता इतका मऊ कसा होतो, असा प्रश्न मला तीन महिन्यांत एकदाही पडला नव्हता.

मग तू बोलली का नाहीस, मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. अपराधी माणसाचा चढतो तसा.

"तुमीच सांगता न सगळ्यायले," ती म्हणाली, "का जनावराचं तोंड जबरीनं उघडलं तं ते दुसऱ्यांदा जवळ येत नाई. म्हणून थांबली मी. रोज वाटे, आज सांगतीन. आज सांगतीन. आता नाई थांबत."

मी बिरजूचं नाव घेतलं. त्याचं काय झालं पाहिलंस ना, म्हटलं. ती माझ्या अगदी समोर आली.

"पाह्यलं. दर आठ दिवसानं पाहतो. बिरजू बोलत नाई, पण जिता हाये. तुमी बोलता, अन् मरून राह्यले."

मी खाटेवर बसलो. तिने मोबाइलचा टॉर्च लावला. मी तोंड उघडलं, जेवढं उघडतं तेवढं. तिने समोरून पाहिलं नाही. बाजूला येऊन बसली, खांदा माझ्या खांद्याला लावला, ओठाच्या कोपऱ्यातून एक बोट आत घातलं आणि जीभ हलकेच बाजूला केली. हे तिला मी कधीच शिकवलं नव्हतं. तिने पाहिलं, टॉर्च बंद केला. मग हात माझ्या पाठीवर ठेवला. उद्या गडचिरोलीला जायचं, ती म्हणाली. मी म्हटलं, उद्या विहार आहे. ती म्हणाली, विहारात जाऊ आणि तिथूनच बसवर जाऊ. पिशवी तिने आधीच भरून ठेवली होती.

सकाळी विहार भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे खिरीचं पातेलं. कुलदीपने माइकवर माझ्याबद्दल बरंच सांगितलं. खर्रा त्याच्या डाव्या गालात होता, त्यामुळे 'आदर्श' शब्द प्रत्येक वेळी ओला निघत होता. मग त्याने माझ्यापुढे ग्रंथ ठेवला आणि समोर माइक धरला.

मी दोन ओळी वाचल्या. पंधरा वर्षं हेच पान वाचलंय, डोळे मिटूनही येतं. तिसऱ्या ओळीला जीभ टाळूपर्यंत गेली नाही. शब्द फुटला आणि लाळ ग्रंथावर पडली. पुढे बसलेली दोन पोरं हसली, त्यांच्या आईने त्यांना चापट मारली. मी लाळ बाहीने पुसली आणि ग्रंथ मिटला. बाहेर पडायला दार एकच होतं आणि तिथे आशाबाई बसली होती.

मी म्हटलं, मी अष्टशील पाळलेलं नाही. मला खाता येत नाही म्हणून मी खोटं बोललो. जिभेला पाच महिन्यांपासून जखम आहे, ती खर्ऱ्याची आहे, आणि मी तिला बैलाचं औषध लावत होतो. आज दवाखान्यात चाललोय. काय कापतील, किती ठेवतील, मला माहीत नाही. मला फार भीती वाटून राहिली आहे.

माइकची घरघर चालू होती. मला तिथून निघायचं होतं, पण आश्रमशाळेतला राहिलेला तास आठवला. दरवर्षी घंटा व्हायची, इथे घंटा नव्हती.

"आता एक करा," मी म्हटलं. "तीन बोटं जोडा. उभी, एकावर एक. अन् तोंडात घाला."

पोरांनी लगेच घातली. बायकांमध्ये हसणं सुरू झालं. म्हाताऱ्या एकमेकींना दाखवू लागल्या, कोणाच्या बांगड्या वाजल्या. सगळ्यांची जात होती. त्या गोंधळात मला जरा वेळाने कळलं की हसणं सगळं एकाच बाजूने येतंय. पुरुषांची बाजू गप्प होती. कोणी बोटं ओठांपाशी नेऊन थांबला होता, कोणी हात मांडीखाली घालून बसला होता. एकाने दोन घातली, काढली, पुन्हा घातली. त्याची बायको पलीकडून त्याच्याकडे पाहत होती. मग बायकांचंही हसणं थांबलं.

मी आशाबाईकडे निघालो. कुलदीपने माइक सतरंजीवर ठेवला होता आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचा कोपर हलत होता. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन बोटं आत होती आणि तिसऱ्याचं पेर दातांवर अडलं होतं. तो ते ढकलत होता. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"जबरी करू नको," मी म्हटलं. "ओठ फाटन."

त्याने बोटं काढली आणि पँटला पुसली. गालातला खर्रा कुठे थुंकावा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो तळहातावर काढला आणि मूठ मिटली.

"भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "तो गडचिरोलीचा दवाखाना किती वाजेपर्यंत चालू राह्यते?"

आशाबाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बस साडेअकराची हाये," ती त्याला म्हणाली. "हात धू अन् चपला घाल."